युरोपात गाडी चालवायची, तर मार्ग गोल आखा

संपादक महोदय,
स. न.

मे महिन्याच्या सुट्टीत टूर कंपनीची बस सोडून भाड्याच्या गाडीने युरोप पाहायचा, असे मनसुबे मुंबईतल्या बऱ्याच घरांत सध्या रचले जात आहेत. हौस उत्तमच. पण आखणीची सुरुवात बहुधा चुकीच्या टोकाने होते. आधी पॅरिस, मग स्वित्झर्लंड, व्हेनिस, प्राग अशी शहरांची माळ ओवली जाते आणि गाडीचे शेवटी बघू म्हणतात. एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडली की वेगळे शुल्क पडते, आणि ते पुष्कळदा गाडीच्या सगळ्या भाड्याइतके होते. म्हणून मार्ग गोल हवा आणि देश थोडे हवेत.

समजा, म्युनिकला गाडी घेतली. तिथून साल्झबुर्ग, लुब्लियाना, व्हेनिस, डोलोमाइट्सचे डोंगर, इन्सब्रुक आणि पुन्हा म्युनिक ही फेरी साधारण १,२०० किलोमीटरची. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, इटली असे चार देश, दोन आठवडे. याहून जास्त कोंबू नये. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत एकत्र चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज विमान उतरते त्या देशाकडे करायचा नसतो, ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम त्याच्याकडे करायचा. इटलीत पाच रात्री आणि बाकीच्या देशांत तीन-तीन असतील, तर म्युनिकला उतरूनही अर्ज इटलीकडेच. मुक्काम सगळीकडे सारखे असतील, तरच पहिल्या प्रवेशाचा देश. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात; मार्चपर्यंत थांबले की अपॉइंटमेंटसाठी वणवण ठरलेली. सोबत किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओत मिळतो. फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. नुसता तो दाखवून भागत नाही, मूळ लायसन्स बरोबर लागतेच. लायसन्सवर वडिलांचे नाव मध्ये आहे आणि पासपोर्टवर नाही, असा घोळ असेल तर तो इथेच निस्तरावा; परक्या विमानतळावरच्या काउंटरवर आपल्याकडच्या नावांची रीत कोणी समजून घेत बसत नाही. क्रेडिट कार्डही गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचे हवे. अनामत त्यावर अडकवून ठेवतात, आणि त्यासाठी फॉरेक्स कार्ड सहसा चालत नाही.

बुकिंग करताना चारही देशांची नावे सांगून लेखी परवानगी घ्यावी. काही कंपन्या महागड्या जर्मन गाड्या ठरावीक देशांत नेऊ देत नाहीत. विनापरवाना सीमा ओलांडली, तर अपघाताच्या वेळी विमा हात वर करतो. गिअर हाताने टाकायचे नसतील तर ऑटोमॅटिक गाडी मुद्दाम मागून घ्यावी. आणि डिकी बघा. फोक्सवॅगन गोल्फसारख्या गाडीची डिकी सुमारे ३८० लिटरची असते, दोन मोठ्या बॅगांत ती भरते. चौघांच्या सामानाला स्टेशन वॅगनच हवी. मागच्या सीटवर दिसणारी बॅग म्हणजे काच फोडायला आमंत्रण. दीडशे सेंटीमीटरहून कमी उंचीच्या मुलांसाठी इटलीत चाइल्ड सीट किंवा बूस्टर सक्तीचा आहे, मांडीवर बसवणे विसरा.

सगळ्यात जास्त गोंधळ टोलचा. जर्मनीत मोटारींना टोल नाही. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियात हायवेसाठी मुदतीचा पास लागतो. तो डिजिटल असेल तर गाडीच्या नंबरशी जोडलेला असतो, आणि तो नंबर किल्ली हातात पडेपर्यंत कळत नाही. त्यामुळे मुंबईत बसून तो काढून ठेवता येत नाही. वरच्या फेरीत ऑस्ट्रिया दोनदा लागतो, जाताना आणि परतताना. जाताना घेतलेला दहा दिवसांचा पास परतीच्या वेळी संपलेला असतो, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. असे दोन पास घेतले तरी ते दोन महिन्यांच्या पासापेक्षा स्वस्त पडतात. शिवाय याच वाटेवरचे टाउएर्न आणि काराव्हांकेन बोगदे, तसेच ब्रेनरचा हायवे यांचे पैसे पासात धरलेले नसतात. तिथे वेगळा टोल. स्लोव्हेनियात सात दिवसांचा पास पुरतो, पण तो नसताना पकडले तर दंड किमान ३०० युरो. इटलीत हायवेवर शिरताना तिकीट घ्यायचे, हायवेवरून बाहेर पडताना पैसे. पिवळ्या पाटीची टेलिपासची, म्हणजे आपल्याकडच्या फास्टॅगसारखी, रांग आपल्यासाठी नाही. चुकून शिरलात तर गाडी मागे न घेता मदतीचे बटण दाबा, न भरलेल्या टोलची पावती मिळते आणि पैसे नंतर भरता येतात.

पेट्रोल स्वतः भरावे लागते. पंपाच्या नळीवर आणि टाकीच्या झाकणावर २०१८पासून सारखेच चिन्ह असते: गोल म्हणजे पेट्रोल, चौकोन म्हणजे डिझेल. नावावर जाऊ नका, इटलीतले ‘गॅसोलिओ’ हे डिझेल आहे. चुकीचे इंधन गेलेच तर इंजिन सुरू करू नका. टाकी उपसण्यावर भागेल ते काम नाहीतर इंजेक्टरपर्यंत जाते, आणि हा खर्च भाड्याच्या विम्यात बहुधा बसत नाही.

उजव्या बाजूने चालवण्याची सवय दोन दिवसांत होते, चूक होते ती सकाळी पार्किंगमधून रिकाम्या रस्त्यावर येताना. वाहतूक तुंबली की जर्मनी आणि ऑस्ट्रियात डावीकडच्या रांगेने डावीकडे आणि बाकी सगळ्यांनी उजवीकडे सरकून मध्ये रुग्णवाहिकेला वाट ठेवायची असते, सायरन ऐकू येण्याआधीच. आपल्याकडे अशा फटीत पहिली रिक्षा घुसते. तिथे घुसणाऱ्याला जबर दंड होतो.

इटलीतल्या स्टेल्व्हिओसारख्या उंच घाटांचे फोटो पाहून मार्ग आखणाऱ्यांनी आपल्या शाळांची सुट्टी आणि तिथला बर्फ यांचे गणित जुळते का ते पाहावे. तो घाट साधारण मेअखेरीस किंवा जूनमध्ये उघडतो.

इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी परवान्याशिवाय गाडी न्यायला बंदी असते. फ्लॉरेन्स, पिसा, बोलोन्या, रोम, सगळीकडे कॅमेरे आहेत. पाटीवर ‘व्हार्को अत्तिव्हो’ दिसले तर कॅमेरा चालू आहे, आत जायचे नाही. हॉटेल आतल्या भागात असेल, तर गाडीचा नंबर हॉटेलला आधी कळवून नोंदवून घ्यावा लागतो. प्रत्येक प्रवेशाचा दंड वेगळा. आधी भाड्याची कंपनी तुमचे नाव-पत्ता कळवल्याचे शुल्क कार्डावरून कापते, मग कित्येक महिन्यांनी घरी नोटीस येते. ती हाती पडल्यापासून पाच दिवसांत दंड भरला तर ३० टक्के सूट मिळते.

एक वाचक, दादर, मुंबई