कोल्हापूरच्या उद्यमनगरातील मिस्त्रींना आभाराचे पत्र

आदरणीय मिस्त्री,
सप्रेम नमस्कार.

कॅमेरा दुर्बिणीला जोडण्यासाठी आपण करून दिलेल्या रिंगमधून घेतलेले एम ५१ दीर्घिकेचे छायाचित्र सोबत जोडले आहे. सप्तर्षींतील शेवटचा तारा मरीची. त्याच्या जवळच, श्यामशबल तारकासमूहात असलेली ही सर्पिल दीर्घिका आपल्यापासून दोन कोटी प्रकाशवर्षांहूनही दूर आहे. तिच्या दोन्ही भुजा आणि त्यांतील एकीच्या टोकाशी असलेली छोटी दीर्घिका चित्रात स्वच्छ उमटली आहे.

अशी रिंग ज्यांनी आधी विकली, त्यांना ४२ मिलिमीटर व्यास तेवढा ठाऊक होता. आट्यांची पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, पाऊण मिलिमीटर हवी की एक, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. रिंग एका फेऱ्यातच अडकू लागल्यावर ‘तुमच्या दुर्बिणीचेच आटे गेलेत’ असे सांगून ते मोकळे झाले आणि पुढे त्यांनी फोनही उचलला नाही. आपण पिच गेज लावताच दोष कुठे आहे ते कळले.

मात्र हे पत्र केवळ आट्यांसाठी नाही. काम झाल्यावर आपण नवी रिंग उजेडाकडे धरून आतून पाहिली आणि विचारले, ‘हे आतनं चमाकतंय, तुमास्नी चालतंय न्हवं?’ मी काही बोलायच्या आत ती पुन्हा लेथच्या चकमध्ये धरून आपण आतल्या बाजूला बारीक खाचा पाडल्या आणि त्यांवर काळा मॅट रंग दिला. चकचकीत धातूवरून परतणारा उजेड अशा फिकट भुजा पार धुऊन टाकतो, हे दुर्बीण विकणाऱ्याला सुचले नव्हते. आकाशाशी काही संबंध नसलेल्या आपल्याला ते सुचले. गिऱ्हाइकाने न मागितलेले, बाहेरून न दिसणारे काम नीट करणारी माणसे आहेत, म्हणून आमच्यासारख्या हौशींचे निभते.

या दीर्घिकेचा सर्पिल आकार १८४५ मध्ये आयर्लंडमधील बर या गावी लॉर्ड रॉस यांनी प्रथम ओळखला, तोही सहा फुटी धातूच्या आरशातून. तांबे आणि कथील यांचा तो आरसा त्यांनी आपल्या जहागिरीतच, तिथल्या माणसांना हाताशी धरून ओतला होता. ओतकाम म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. रॉस यांचे नाव सगळीकडे आढळते. त्या भट्टीपाशी राबलेल्यांची नावे माझ्या तरी वाचनात आलेली नाहीत.

येत्या उन्हाळ्यात अमावास्येच्या सुमारास मसाई पठारावर अवश्य यावे. दुर्बिणीतूनही डोळ्यांना मात्र दोन धुरकट ठिपकेच दिसतील, हे आधीच सांगून ठेवतो.

आपला कृतज्ञ,
एक हौशी आकाशनिरीक्षक