प्लगइनच्या इन्स्टॉलरने आधीची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स पुसल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

गोरेगाव (पूर्व) येथे आमचा व्हीएफएक्सचा (दृश्य-परिणामांचा) छोटा स्टुडिओ असून हूडिनी या थ्रीडी सॉफ्टवेअरसाठीचे आपले प्लगइन आम्ही वार्षिक लायसन्सवर वापरतो. प्लगइनच्या कामाबद्दल आमचे काहीही म्हणणे नाही; तक्रार आहे ती त्याच्या इन्स्टॉलरबद्दल.

आमच्या सर्व मशीनवर ‘हूडिनी पाथ’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे हूडिनीने आपल्या फाइली कोणकोणत्या फोल्डरमध्ये शोधाव्यात हे सांगणारी सिस्टीममधील नोंद, आधीपासून भरलेले असते. सर्व्हरवरील सामाईक टूल्सचा फोल्डर, चालू प्रोजेक्टचा फोल्डर आणि शेवटी हूडिनीच्या मूळ पाथसाठी अँपरसँडचे चिन्ह, असा त्यातील क्रम ठरलेला आहे. नवी आवृत्ती टाकताना आपल्या इन्स्टॉलरने तेथे आधी काही आहे का, हे न पाहता स्वतःचा फोल्डर आणि ते चिन्ह एवढेच लिहिले. चिन्ह शाबूत राहिल्यामुळे हूडिनी बिनबोभाट उघडले आणि म्हणूनच घोटाळा उशिरा कळला. जुन्या सीनमध्ये आमच्याच असेट्सची (सामाईक फोल्डरमधील तयार घटकांची) व्याख्या सापडत नसल्याची सूचना येऊ लागली, तेव्हा संशय आधी सर्व्हरवर गेला, नेटवर्क पाहणाऱ्यांना बोलावले गेले आणि तोवर रात्रीच्या रेंडरला (अंतिम चित्रे तयार होण्यासाठी) लावलेले शॉट वाया गेले होते. इमारतीत आलेल्या नव्या भाडेकरूने खालच्या पाटीवरची बाकीची नावे पुसून फक्त आपले लिहावे, तसा हा प्रकार आहे.

‘ओसीआयओ’ व्हेरिएबलच्या बाबतीत तर पुढे-मागे जोडण्याचाही प्रश्न नाही, कारण त्यात रंगव्यवस्थेच्या एकाच फाइलचा पत्ता असतो. तो आधी भरलेला असेल तर त्याला हात न लावणे एवढेच अपेक्षित आहे. आपल्या इन्स्टॉलरने तेथे स्वतःची नमुना फाइल बसवली. कहर म्हणजे प्लगइन काढून टाकल्यावर ‘हूडिनी पाथ’मधून आपला फोल्डर वगळण्याऐवजी ते व्हेरिएबलच समूळ नाहीसे झाले.

आपल्या सपोर्ट विभागाने व्हेरिएबल हाताने पुन्हा भरण्याचा सल्ला दिला. एका मशीनवर ते जमेल. संपूर्ण रेंडर फार्मवर, म्हणजे रेंडर करणाऱ्या मशीनच्या अख्ख्या ताफ्यावर, तेही प्रत्येक अपडेटनंतर, हे काम ग्राहकाने का करावे?

वास्तविक २०१९ मध्ये आलेल्या १७.५ आवृत्तीपासून हूडिनीत पॅकेजची सोय आहे. ‘पॅकेजेस’ फोल्डरमध्ये एक जेसन फाइल (साध्या मजकुरातील सेटिंगची फाइल) ठेवली आणि तीत ‘प्रीपेंड’ (आधी जोडणे) किंवा ‘अपेंड’ (शेवटी जोडणे) पद्धत नमूद केली की आधीच्या मूल्याला धक्का न लागता नवा पाथ जोडला जातो, आणि ती फाइल काढली की जोडलेलेही निघून जाते. सिस्टीमच्या व्हेरिएबलमध्ये लिहिण्याची मुळात गरजच उरत नाही.

तरी आपण इन्स्टॉलर या पद्धतीवर आणावा, तोपर्यंत अशी तयार जेसन फाइल आम्हाला पाठवावी आणि काम बंद राहिलेल्या दिवसांइतकी लायसन्सची मुदत वाढवून द्यावी, ही विनंती. इन्स्टॉलेशनच्या आधीच्या व नंतरच्या व्हेरिएबलच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. आपले लेखी उत्तर मिळेपर्यंत नवी आवृत्ती आम्ही कोणत्याही मशीनवर टाकणार नाही.

कळावे,
आपला विश्वासू,
तांत्रिक विभाग प्रमुख
गोरेगाव (पूर्व), मुंबई