मालगाडीच्या इंजिनांचा विसर

रविवारच्या पुरवणीतील व्हिक्टोरियाकालीन वाफेच्या इंजिनांवरील लेख वाचला. लेख माहितीपूर्ण आहे. पण त्यात सगळे कौतुक प्रवासी एक्सप्रेसच्या वाट्याला गेले आणि कोळसा-धान्य ओढणारी इंजिने दोन ओळींत संपली, हे खटकले.

इंग्लंडच्या ग्रेट ईस्टर्न रेल्वेचे 'वाय १४' इंजिन पाहा. १८८३ साली टी. डब्ल्यू. वर्सडेल यांनी ते आखले. सहाच्या सहा चाके दांड्यांनी एकमेकांना जोडलेली, म्हणून सारे वजन रूळ पकडायला कामी येई. वजन बेताचे, म्हणून शाखामार्गांच्या हलक्या रुळांवरही चाले. वाफेच्या जोरावर चाके फिरवणारे सिलिंडर मात्र चौकटीच्या आत, त्यामुळे तेल घालायला चालकाला त्या अंधाऱ्या, तेलकट फटीत शिरावे लागे. डिसेंबर १८९१ मध्ये याच रेल्वेच्या लंडनमधील स्ट्रॅटफर्डच्या कारखान्यात असे एक इंजिन ९ तास ४७ मिनिटांत उभे राहिले. घाईतले हे काम कच्चे नव्हते, ते इंजिन सुमारे चाळीस वर्षे राबले! याच जातीची काही इंजिने पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेली आणि शेवटची १९६२ मध्ये निवृत्त झाली. एवढी सेवा कितीशा नामांकित एक्सप्रेस इंजिनांनी दिली? या इंजिनांवर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

– एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ