बालवाडीत नाटक का नको?

संपादक साहेब, नमस्कार.

1843 ला विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं ते आपल्या सांगलीत, नाट्यपंढरी म्हणून आपण मिरवतो पण, आणि इथल्याच काही बालवाड्यांत तीन-चार वर्षांची पोरं हाताची घडी घालून गप्प बसवलेली. अहो दुकान-दुकान खेळताना पोरगं 'वांगी कशी दिली, जरा कमी करा की' म्हणतं ना, तिथं प्रश्न विचारणं, घासाघीस, समोरच्याचं ऐकून उत्तर देणं सगळं येतं, वर्कशीट गिरवून नाही येत. 2020 च्या शैक्षणिक धोरणात पण 3 ते 8 वयाला खेळातूनच शिकवा म्हटलंय. खर्च काय, जुनी ओढणी अन् चार डबे! 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिनाचे सत्कार होऊ देत, सोबत अंगणवाडी ताईंसाठी एखादी कार्यशाळा पण घ्या की नाट्यसंस्थांनी.

— एक आजी, विश्रामबाग, सांगली