पैसा कुठून आला तेही दाखवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सिनेमात श्रीमंती दाखवू नका असं माझं अजिबात म्हणणं नाही, पण ती आली कुठून हे कुणीच का दाखवत नाही? 'कभी खुशी कभी गम' (2001) घ्या. रायचंदांचं दिल्लीतलं घर म्हणून जो महाल दिसतो तो खरं तर इंग्लंडमधला वॅडस्डन मॅनर आहे, रॉथशिल्ड घराण्यातल्या एका बॅरनने 19व्या शतकात बांधलेला. दारात हेलिकॉप्टर उतरतं, पण या माणसाकडे कामाला कोण आहेत, त्यांना पगार किती, याचा साडेतीन तासांत पत्ताच नाही. चांदनी चौकातल्या हलवायाची मुलगी सून म्हणून नको हे सरळसरळ पैशाचं आणि दर्जाचं भांडण आहे, ते शेवटी बापलेकाच्या मिठीत मिटवून टाकलं. आणि याला आपण संस्कारी सिनेमा म्हणतो!

आधी असं नव्हतं हो. 'घरौंदा' (1977) मध्ये अमोल पालेकर आणि झरीना वहाब, दोघं नोकरी करणारी, लग्न करायचं तर मुंबईत राहायला जागा हवी म्हणून पै पै साठवतात, त्यात बिल्डर फसवतो, आणि मग हा प्रियकरच तिला सांगतो की आपल्या म्हाताऱ्या आजारी साहेबाशी लग्न कर, म्हणजे पुढे पैसा आपलाच. भयंकर राग येतो त्याचा. पण नुसता लोभी म्हणून त्याला सोडून देता येत नाही, कारण जागा नसणं म्हणजे काय ते आपण तोवर बघितलेलं असतं.

आणि अलीकडच्यांत नागराज मंजुळेंचा 'फँड्री'. जब्याला फक्त एक जीन्स पँट हवी असते, शालूला आवडावं म्हणून. त्यासाठी पोरगं सायकलवर पेप्सी, म्हणजे बर्फाच्या कांड्या, विकत फिरतं आणि ती सायकलही गाडीखाली जाते. इतर पोरांनी जीन्स घातली तर कुणी बघणारही नाही, पण कैकाड्याच्या पोराने नुसती इच्छा केली तरी गावाच्या डोळ्यात येतं. मंजुळेंनी त्या इच्छेला हावरटपणा म्हटलं नाही, तिच्याकडे मानाने बघितलं, मला वाटतं हे फार मोठं काम आहे. बाकी बहुतेक सिनेमांत गरिबाने समाधानी राहायचं आणि श्रीमंताने लग्नात नाचायचं, एवढीच वाटणी.

तुमच्या समीक्षकांना एक विनंती. लोकेशन आणि कपड्यांचं कौतुक जरूर करा, पण हिरो पोटापाण्यासाठी काय करतो आणि त्याच्या घरात भांडी कोण घासतं हे सिनेमात दिसलं की नाही, तेही दोन ओळींत लिहीत जा.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली