शेवाळातल्या कॅप्सूलची काळजी

प्रिय नंदू,

दिवाळीपासून पत्र नाही, रागावला असशील. रागाव, पण हे वाच. घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा तसाच.

मालवणच्या सरगॅसममधून (तपकिरी समुद्री शेवाळ) काढलेल्या फ्युकॉइडनने, म्हणजे त्यातल्या सल्फेटवाल्या साखरेच्या लांब साखळीने, व्हेरो पेशींवरचे (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माकडाच्या पेशी) हर्पीस विषाणूचे प्लाक, म्हणजे मेलेल्या पेशींचे डाग, जवळजवळ पुसून टाकलेत. आकडा चोख आहे. आता तेवढ्यावर एक कंपनी कॅप्सूल काढायला निघालीय, आणि इथे मला पडलेला घोर तुलाच कळेल.

एवढा मोठा रेणू गिळला तर रक्तात जेमतेम पोचतो. पोचलाच, तर हेपॅरिनसारखा रक्त गोठणं लांबवतो. त्याचं काम पेशीच्या बाहेरचं. सल्फेटचा ऋण भार विषाणूच्या धन भाराला चिकटतो आणि पेशीवरच्या हेपॅरान सल्फेटची, म्हणजे विषाणू ज्याला धरतो त्या साखळीची, जागा विषाणूला मिळत नाही. म्हणून युरोपात आयोटा-कॅराजीनन (लाल शेवाळातलं तसंच सल्फेटवालं द्रव्य) नाकात फवारायला विकतात, ते मला पटतं. गोळी पटत नाही. तपकिरी शेवाळ आर्सेनिक आणि आयोडीन साठवतं, ते आधी मोजायला नको का?

औषध तीन वेळी घालून बघायला सांगितलंय: विषाणूच्या आधी, विषाणूसोबत, आणि विषाणू आत शिरल्यावर दोन तासांनी. मोजायचं मात्र विषाणूच्या वाढीच्या एकाच चक्राचं उत्पादन. नाहीतर पेशीतून पेशीत जाणारा विषाणू अडला तरी औषध आत जाऊन काम करतंय असं वाटतं. सोबत पेशी किती मेल्या तेही हवं.

फ्युकॉइडन काढण्याची रीत तीच: सावलीत सुकवलेली पूड ८५% इथेनॉलमध्ये रात्रभर ढवळायची, रंग उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा. फ्लोरोटॅनिन (शेवाळातली टॅनिनं) राहिले की प्रथिनांना चिकटून खोटा परिणाम दाखवतात. मग २% कॅल्शियम क्लोराइड, ७० ते ८५ अंशांवर. अल्जिनेट, म्हणजे शेवाळातली दुसरी चिकट साखळी, गाळात अडकतं. गाळलेल्या पाण्यात इथेनॉल घालून साका काढायचा, मग डायलिसिस, म्हणजे पडद्यातून क्षार धुऊन काढणं. आम्लाने जास्त निघतं हा तुझा जुना हट्ट. निघतं रे, पण साखळी तुटते, सल्फेट गळतं! यील्डच्या (किती माल निघाला त्याच्या) बाबतीत तू पक्का सावकार. बेरियम क्लोराइड-जिलेटिनने सल्फेट मोजून बघ, मग बोलू.

खरी धास्ती कॅरागार्डची. कॅराजीननचं ते जेल प्रयोगशाळेत एचआयव्ही अडवायचं. दक्षिण आफ्रिकेत सुमारे ६,००० स्त्रियांवर चाचणी झाली, २००८ साली निकाल छापून आला: सुरक्षित, पण संरक्षण नाही. जेल दर वेळी वापरलंही गेलं नव्हतं. एवढा खर्च, एवढा विश्वास त्या बायांनी टाकला, आणि इथे एका प्लेटवरून गोळी!

पुढच्या आठवड्यात बैठक आहे. नाकातल्या फवाऱ्यापुरतं बोला, एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) तपासा आणि कॅप्सूल थांबवा, असं टिपण नेतोय. मसुदा सोबत आहे, लाल पेन चालव, सरांनाही दाखव.

वहिनींची बदली रद्द झाली का? चिऊचा दहावीचा निकाल कळव.

तुझा,
अरुण