घर सोडल्या दिवसाचं रीडिंग : ऊर्जामंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी पुण्यात गेली नऊ वर्षं भाड्याने राहतो. या काळात पाच घरं बदलली. नाशिकला माझा स्वतःचा एक वन बीएचके आहे, तो मी भाड्याने देतो. म्हणजे महिन्याच्या पाच तारखेला मी एका खात्यातून भाडं पाठवतो आणि दुसऱ्या खात्यात भाडं आलं का ते बघत बसतो. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचून 'हा भाडेकरूंचाच माणूस' किंवा 'हा घरमालकांचाच' असं कुणाला तरी वाटायचं. मी दोन्हींकडून भांडलोय, आणि दोन्हींकडून थोडा चुकलोही आहे.

विषय साधा आहे. माणूस घर सोडून जातो, त्यानंतर लाइटबिल येतं. ते कुणी भरायचं?

माझं चौथं घर एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर होतं. घरमालक निवृत्त, सरळ माणूस. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ३१ मेला सामानाचा टेम्पो लागला तेव्हा मी जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत जाऊन रीडिंगचा फोटो काढला. ही खोली आपण कधी बघितली आहे का कल्पना नाही. कोळिष्टकं, एक मोडकी तिचाकी सायकल, आणि ऑइलपेंटने फ्लॅटचे नंबर लिहिलेले बारा मीटर. मीटरच्या पडद्यावरचे आकडे एका जागी थांबत नाहीत. तारीख येते, मग वेळ येते, मग कसले कसले आकडे येतात आणि मग कुठे युनिट दिसतात. माझ्या पहिल्या दोन फोटोंत तारीख आली आणि तिसऱ्यात माझा अंगठा. चौथ्यात आलं : ६,४७८.

त्याआधीचं रीडिंग १७ मेचं होतं, ६,४१२. म्हणजे चौदा दिवसांत मी ६६ युनिट वापरले. मी निघाल्यावर काकांनी रंगकाम काढलं आणि फरशीला पॉलिश मारून घेतलं. पॉलिशचं मशीन वीज कशी ओढतं हे ज्याने ते घरात चालवून घेतलंय त्याला सांगायला नको. १७ जूनला पुढचं रीडिंग झालं : ६,६०१. बिल १८९ युनिटचं, रुपये २,०४०. काकांनी ते बिल मला व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि खाली लिहिलं, "डिपॉझिटमधून वजा केले आहेत. गॅसचं आल्यावर उरलेले पाठवतो."

मी फोन केला. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, सगळं तुम्ही नाही वापरलं. मग तुमचं किती ते सांगा."

इथे खरी गंमत आहे, साहेब. मला सांगता येईना.

दिवसांनी वाटलं तर एकतीसपैकी चौदा दिवस माझे, म्हणजे साधारण ९२० रुपये. युनिटने वाटलं तर १८९ पैकी ६६ माझे, म्हणजे ७१० च्या आसपास. पण आपल्याकडे बिल टप्प्यांनी चढतं. १०० च्या आतला युनिट आणि त्याच्या वरचा युनिट यांच्या दरात जवळपास दुपटीचा फरक आहे. मी तर शंभरीच्या आतच होतो, वरचे ८९ युनिट पॉलिशवाल्याने चढवले. माझे ६६ स्वस्त टप्प्यात धरले तर साडेपाचशेत काम भागतं. पण त्यावर काका म्हणाले, आणि बरोबर म्हणाले, की स्वस्त टप्प्यातले शंभरच्या शंभर युनिट महिनाभरासाठी असतात, तुम्ही पंधरवड्यात त्यातले ६६ उचलले तर माझ्या वाट्याला काय राहिलं? शंभराचा टप्पाही दिवसांनी वाटायचा तर माझ्या वाट्याला ४५ स्वस्त युनिट येतात, २१ महाग. आकडा साडेसहाशेच्या पुढे कुठेतरी.

एक मीटर, चार उत्तरं. मी साडेपाचशेवर अडून बसलो, कारण ते माझ्या सोयीचं होतं. आता शांतपणे बघितलं तर चौथा हिशेब सगळ्यात न्याय्य वाटतो. पण मला वाटून काय उपयोग? वीज कंपनीच्या लेखी त्या महिन्यात एकच ग्राहक होता, एकच बिल होतं आणि ते कुणीतरी भरलं. कंपनीचं काही चुकलं नाही. माझं घर सोडणं ही घटना तिच्या दप्तरात झालीच नव्हती.

शेवटी काकांनी हजार कापले, मी बरं म्हटलं. दिवाळीला आमची मिठाई एकमेकांकडे जायची, ती त्या वर्षी गेली नाही.

आता दुसरी बाजू. नाशिकच्या घरात माझा एक भाडेकरू होता. एक दिवस त्याने सांगितलं, "दादा, शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापून घ्या." आपल्याकडे हे इतकं रूढ आहे की मीही हो म्हटलं. तो गेल्यावर कळलं, तीन महिन्यांचं लाइटबिल थकलेलं आणि सोसायटीची टँकरची वर्गणीही बाकी. डिपॉझिट तर भाड्यातच संपलेलं. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस देऊन वीज तोडता येते, आणि नोटीस माझ्याच नावावर आली. ती बरोबरच होती, मीटर माझ्या नावावर आहे. राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेनुसार (म्हणजे वीजपुरवठ्याच्या नियमांनुसार) तर आधीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची थकबाकी त्या जागेवर बोजा म्हणून राहते. वारस सोडून दुसऱ्या कुणाच्या नावावर जागा गेली तर त्याच्याकडून जास्तीत जास्त सहा महिन्यांची वसूल करता येते. जागेबरोबर थकबाकीही नव्या मालकाकडे जाऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२३ मध्ये केरळच्या वीज मंडळाविरुद्धच्या प्रकरणात मान्य केलं.

म्हणजे घरमालकाची भीती खोटी नाही. माणूस जातो, मीटर तिथेच राहतं. मग मी काय केलं? पुढच्या भाडेकरू एक परिचारिका होत्या. बिलं वेळेवर भरणाऱ्या, पावत्या न मागता पाठवणाऱ्या. त्या निघाल्या तेव्हा मी त्यांचे पाच हजार 'बिल येईपर्यंत' ठेवून घेतले. बिल आलं सहाशे ऐंशीचं. उरलेले पैसे मी पाठवले, पण दोन महिन्यांनी आणि त्यांच्या तिसऱ्या मेसेजनंतर. आधीच्याने माझे बुडवले त्याची शिक्षा मी यांना दिली. काकांकडेही माझ्याआधी असाच कुणीतरी राहून गेला असणार.

हे पत्र मी आपल्याला लिहितोय, पण खरं तर ते तीन दारांत टाकायला हवं. मीटर आपल्या खात्याचं. भाडेकराराची नोंदणी महसूल खात्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाकडे. आणि भाडे नियंत्रण कायदा गृहनिर्माण विभागाकडे. घर सोडल्यावर आलेलं बिल या तिघांच्या मधल्या बोळात पडून राहतं आणि तिथे झाडू मारायला कुणी येत नाही.

तो भाडे नियंत्रण कायदा, म्हणजे १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ ने भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा असं सांगितलं, नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली, आणि करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायची सोय केली. कलम २९ मुळे घरमालकाला मनात आलं म्हणून वीज-पाणी तोडता येत नाही. मुदत संपूनही लिव्ह अँड लायसन्सवाला हलला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट भाडं लागतं. हे सगळं माणूस घरात असतानाचं, फार तर तो घरातून निघत नसतानाचं. तो मुकाट्याने किल्ल्या देऊन गेला की पुढे कायद्याला बोलायचं नाही. हजार-दोन हजारांसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? वकिलाची एक भेट तेवढ्याची होते. केंद्राने जून २०२१ मध्ये राज्यांसाठी आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको आणि घराचा ताबा घेतानाच देणी वजा करून ते परत करावं, असं आहे. चांगलं आहे. पण ताबा घेतानाच वजा करायचं तर त्या दिवशी देणं किती हे कळायला हवं ना? बिल तर पुढच्या महिन्यात येणार.

आमच्या करारांचं म्हणाल तर पाचही करारांत विजेबद्दल एकच ठरलेलं वाक्य होतं : वापरलेल्या विजेची बिलं लायसेन्सीने (म्हणजे भाडेकरूने) परस्पर भरावीत आणि पावत्या लायसेन्सरला (म्हणजे घरमालकाला) द्याव्यात. ते वाक्य एका मसुद्यातून दुसऱ्यात उतरत आलंय. भाडं, डिपॉझिट, मुदत, दोघांचे अंगठे आणि फोटो सगळं काटेकोर. एकूण रकमेवर ०.२५ टक्का मुद्रांक शुल्कही पैशापर्यंत मोजून घेतलं जातं. पण ज्या मीटरवरून पुढे वाद होणार त्या मीटरचा नंबर करारात कुठेच नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, जी बहुतेक भाडेकरूंना ठाऊकच नसते. एप्रिल-मेच्या सुमारास नेहमीच्या बिलासोबत 'अतिरिक्त सुरक्षा ठेवी'चं वेगळं बिल येतं. वर्षभराच्या सरासरीवरून ठेव कमी पडत असेल तर ती वाढवून मागतात. पहिल्या वर्षी मी ते बिल लाइटबिल समजून भरून टाकलं. पण ती ठेव ग्राहकाच्या, म्हणजे काकांच्या खात्यात जमा झाली. तिच्यावरचं व्याज त्यांच्या बिलात वळतं होतं. मी घर बदललं, माझा वापर गेला, पण माझे बाराशे चाळीस रुपये अजून त्या मीटरला चिकटून आहेत. काकांनाही ते माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे ते आता कुणाचे?" अशाच प्रकारे दार बंद म्हणून एखाद्या महिन्यात सरासरीचं बिल आलं तर ते जाणारा भरतो, आणि पुढे खरं रीडिंग आल्यावर होणारी वजावट येणाऱ्याला मिळते. पाइप गॅसचं बिल तर दोन महिन्यांनी येतं, त्यामुळे तिथे हेच सगळं दुप्पट लांबतं.

म्हणून माझं मागणं असं. घर रिकामं करण्याच्या दिवसाचं रीडिंग वीज कंपनीच्या दप्तरात यावं, आणि त्या तारखेपर्यंतचं बिल त्याच दिवशी मिळावं. ग्राहक क्रमांक आणि तारीख टाकली, मीटरचा फोटो चढवला की झालं. स्थिर आकार दिवसांच्या हिशेबाने, टप्पे दिवसांच्या हिशेबाने, वीज शुल्क त्यावर जे होईल ते. मी वर सांगितलेला चौथा हिशेब. तो काकांनी आणि मी जिन्यात उभं राहून भांडत मांडायची गरज नाही, संगणकाला त्याला क्षणभर लागेल. अर्ज घरमालकाने करावा की भाडेकरूने, हा वाद नको. दोघांपैकी कुणीही करावा आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर त्याचा संदेश जावा.

हे होण्यासारखं आहे. ग्राहकाने स्वतः रीडिंग पाठवायची सोय आज आहेच. आता राज्यभर स्मार्ट मीटर बसतायत. त्यांच्यावरून लोकांत बरीच नाराजी आहे, त्यात मी इथे शिरत नाही. पण जे मीटर दिवसागणिक नोंद ठेवतं त्याला ३१ मेच्या संध्याकाळी काटा कुठे होता ते माहीत असतं. ते आम्हाला का सांगू नये? लोकांना त्या मीटरचा असा एखादा उपयोग दाखवलात तर आपलंही थोडं काम हलकं होईल, असं सुचवायचं धाडस करतो.

आपल्या अखत्यारीतलं एवढं केलंत की बाकीच्या दोन खात्यांशी बोलणं सोपं होईल. महसूल खात्याने ऑनलाइन भाडेकराराच्या अर्जात ग्राहक क्रमांकाचा आणि ताबा घेतानाच्या रीडिंगचा रकाना घालावा. जुनी थकबाकी आहे का हे येणाऱ्याला सही करण्याआधीच दिसेल, नव्या घरात पाऊल ठेवल्यावर दुसऱ्याचं बिल हातात पडणार नाही. विजेची सुरक्षा ठेव घरमालकाने भरायची, हे वाक्य छापील मसुद्यात असावं. आणि गृहनिर्माण खात्याने एवढंच ठरवावं, की त्या तारखेपर्यंतचं बिल भरल्याची पावती दाखवली की विजेच्या नावाखाली डिपॉझिट अडवता येणार नाही. पावती दाखवली नाही तर घरमालकाने बिलाएवढी रक्कम खुशाल कापावी. नाशिकच्या त्या पहिल्या भाडेकरूच्या वेळी मला हे हवं होतं आणि दुसऱ्या वेळी त्या परिचारिकांना.

सोबत ३१ मेचा मीटरचा फोटो जोडला आहे. अंगठ्याचा नव्हे, चौथा. आणि माझ्या सध्याच्या भाडेकराराची प्रत, नावं-पत्ते झाकून. तिच्यात मालमत्तेच्या वर्णनाखाली दोन ओळींची जागा कोरी आहे, ती लाल पेनाने दाखवली आहे. हा करार येत्या फेब्रुवारीत संपतो.

आपला नम्र,
पुण्याचा एक भाडेकरू आणि नाशिकचा एक घरमालक